सहाही चॅनल सुखरूप हवेत

संगीत श्रोत्याच्या केवळ समोरून नव्हे, चहूबाजूंनी ऐकू यावे, यासाठी ध्वनिमुद्रण उद्योगाने गेल्या अर्धशतकात एकामागून एक माध्यमे बाजारात आणली. क्वाड्राफोनिक तबकड्या आल्या, डीटीएस सीडी आल्या, सुपर ऑडिओ सीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ आल्या, मग ब्लू-रे आली. रसिकांनी पदरमोड करून या डिस्क घेतल्या, त्या वाजवणारी यंत्रेही घेतली. आता डिस्क कपाटात आहेत आणि यंत्रे मात्र बाजारातून नाहीशी होत आहेत. जवळपास सर्व प्रकारच्या डिस्क वाजवणारे प्लेअर बनवणाऱ्या ओप्पो कंपनीने २०१८ मध्ये हा व्यवसाय आवरता घेतला. सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकी बाजारासाठी नवे ब्लू-रे प्लेअर काढणे थांबवले. घरातला जुना प्लेअर बिघडला तर त्याची लेझर मिळेल याची खात्री कोणताही दुकानदार देत नाही. अशा वेळी डिस्कवरचे संगीत संगणकावर उतरवून घेणे, म्हणजे रोजच्या भाषेत ‘रिप’ करणे, हा ते टिकवण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. मात्र हे काम घाईत केले, तर सहा चॅनलपैकी दोनच हाती लागतात आणि उरलेले चार गेले हे मालकाला कळतही नाही. म्हणून या प्रश्नाकडे छंदिष्टांची खटपट म्हणून न पाहता जतनाचा प्रश्न म्हणून पाहायला हवे.

स्टीरिओ पुरेसे असताना सहा चॅनल कशाला, असा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचे उत्तर संगीताच्या इतिहासातच आहे. आवाज कोठून येतो, हा रचनेचा भाग असू शकतो, हे संगीतकारांना स्पीकरचा शोध लागण्यापूर्वीपासून ठाऊक होते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चमध्ये जिओव्हानी गॅब्रिएली समोरासमोरच्या सज्जांतून गायक-वादकांचे वेगवेगळे समूह एकमेकांना उत्तर देतील अशा रचना करत होता. बर्लिओझने १८३७ मध्ये पॅरिसमध्ये सादर झालेल्या आपल्या ‘रेक्विएम’साठी पितळी वाद्यांचे चार ताफे चार कोपऱ्यांत ठेवण्याची सूचना दिली. स्टॉकहाउसेनने १९५६ मध्ये कोलोन येथे ऐकवलेली ‘गेझांग डेअर युंगलिंगे’ ही रचना पाच स्पीकर-गटांसाठीच बांधली होती. अशी रचना दोन स्पीकरमध्ये कोंबली, तर स्वर राहतात आणि मांडणी हरवते.

एकाच अल्बमचे उदाहरण घेतले तर जतनाचा प्रश्न स्पष्ट होतो. पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ १९७३ चा. त्यातल्या ‘टाइम’ या गाण्याच्या सुरुवातीला एकाच वेळी वाजू लागणारी अनेक घड्याळे ध्वनिमुद्रक अ‍ॅलन पार्सन्सने मुळात क्वाड्राफोनिक प्रात्यक्षिकासाठी जुन्या घड्याळांच्या दुकानात ध्वनिमुद्रित केली होती. पार्सन्सचे चार चॅनलचे मिश्रण त्या काळी तबकडीवर आले. पुढे २००३ मध्ये जेम्स गथ्रीने केलेले ५.१ मिश्रण, म्हणजे पाच स्पीकर आणि एक खर्जाचा अशा सहा चॅनलचे, सुपर ऑडिओ सीडीवर आले. पार्सन्सचे जुने मिश्रण २०११ च्या मोठ्या संचात डीव्हीडी आणि ब्लू-रेवर परतले आणि २०२३ मध्ये अ‍ॅटमॉस रूप, म्हणजे छताकडच्या स्पीकरचाही वापर करणारे मिश्रण, आले. अल्बम एकच असला, तरी चहूबाजूंनी ऐकण्याची त्याची तीन निरनिराळी अर्थघटने झाली आणि ती वेगवेगळ्या जातींच्या डिस्कवर विखुरली. त्यांतली एखादी डिस्क वाचणारे यंत्र उरले नाही, तर ते अर्थघटन त्या घरापुरते तरी संपले. किंग क्रिम्सन, येस, जेथ्रो टल यांच्या जुन्या अल्बमची स्टीव्हन विल्सनने केलेली ५.१ मिश्रणे किंवा पेंटाटोनने सुपर ऑडिओ सीडीवर आणलेली फिलिप्सची सत्तरच्या दशकातली क्वाड्राफोनिक ध्वनिमुद्रणे यांचीही गत हीच.

आपल्याकडे चहूबाजूंच्या ध्वनीची ओळख बहुतेकांना चित्रपटगृहात झाली आणि मग डीव्हीडीने ती घरात आणली. दोन हजारच्या दशकातल्या कितीतरी हिंदी चित्रपटांच्या डीव्हीडीवर डॉल्बी डिजिटल ५.१ ध्वनी होता आणि गाणी थेट निवडता येतील अशी यादीही असे. त्या गाण्यांतला कोरस मागच्या स्पीकरमधून, गायकाचा आवाज मधल्या स्पीकरमधून आणि तंतुवाद्ये दोन्ही बाजूंनी अशी मांडणी ज्यांनी ऐकली आहे, त्यांना स्टीरिओ सीडीतला फरक सांगावा लागत नाही. ही गाणी आज मोबाइलवर सहज मिळतात, पण बहुधा दोन चॅनलच्या रूपातच. म्हणून ज्या घरात अशा डीव्हीडी आहेत, त्या घरानेही पुढचे मुद्दे ध्यानात घ्यावेत.

पहिला मुद्दा असा की, डिस्कवर नेमके काय आहे ते आधी नीट ओळखले पाहिजे. सुपर ऑडिओ सीडी सोनी आणि फिलिप्सने १९९९ मध्ये आणली. या प्रकारच्या बहुतेक डिस्क संकरित असतात. त्यांच्या एका थरावर साधी सीडी असते आणि दुसऱ्या, अधिक दाट थरावर उच्च दर्जाचा स्टीरिओ व बहुचॅनल ध्वनी असतो. संगणकाच्या ड्राइव्हला फक्त पहिला थर दिसतो. डिस्क घातली, गाणी दिसली, रिप झाली, सारे सुरळीत वाटले. प्रत्यक्षात हाती आली ती साधी सीडी. दुसरा थर वाचायला सुरुवातीच्या काळातली काही प्लेस्टेशन ३ यंत्रे किंवा विशिष्ट चिप असलेले काही ब्लू-रे प्लेअर लागतात. अशी यंत्रे आता जुन्या बाजारातच मिळतात आणि दरवर्षी कमी होत आहेत. ज्याच्याकडे अशा डिस्कचा संग्रह आहे, त्याने हे काम सर्वांत आधी हाती घ्यावे.

डीव्हीडी-ऑडिओची फसगत वेगळ्या प्रकारची आहे. २००० मध्ये आलेल्या या डिस्कवर दोन फोल्डर असतात. एकात उच्च दर्जाचा मूळ ध्वनी असतो. दुसऱ्यात साध्या डीव्हीडी प्लेअरवर चालावा म्हणून ठेवलेला डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस ध्वनी असतो. नेहमीचे व्हिडिओ सॉफ्टवेअर थेट दुसऱ्या फोल्डरकडे जाते. पाच स्पीकर वाजतात, ऐकणारा समाधानी होतो आणि ज्यासाठी पैसे मोजले तो ध्वनी पहिल्या फोल्डरमध्ये तसाच राहतो. दोन्हींतले अंतर किती, हे आकड्यांत पाहावे. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट आणि सहा चॅनल यांचा गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे १३.८ मेगाबिट होतात. डीव्हीडी-ऑडिओची वाहून नेण्याची कमाल मर्यादा ९.६ मेगाबिट. म्हणून मेरिडियन या ब्रिटिश कंपनीची लॉसलेस पॅकिंग पद्धत वापरून, एकही बिट न गमावता, तो ध्वनी त्या मर्यादेत बसवला गेला. त्याच डिस्कवरच्या डॉल्बी डिजिटलला सेकंदाला जास्तीत जास्त ४४८ किलोबिट मिळतात. काय ठेवायचे आणि काय सोडायचे याचा निर्णय तिथे संक्षेप करणाऱ्या सूत्राने घेतलेला असतो.

ब्लू-रेवर सहसा एकाच संगीताचे तीन-चार ट्रॅक असतात: स्टीरिओ पीसीएम (संक्षेप न केलेला डिजिटल ध्वनी), ५.१ पीसीएम, डॉल्बी ट्रूएचडी, डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ. मेकएमकेव्हीसारखे सॉफ्टवेअर ते सगळे एका फाइलमध्ये प्रकरणांच्या खुणांसह उतरवते. त्यातला लॉसलेस आणि अधिक चॅनलचा ट्रॅक कोणता, हे पाहूनच पुढे जावे. साध्या डीव्हीडीवरचा डॉल्बी डिजिटल ट्रॅक मात्र जसा आहे तसाच जपावा. तो दुसऱ्या लॉसी, म्हणजे काही माहिती टाकून देणाऱ्या, प्रकारात बदलला तर दर्जा आणखी घसरतो, आणि लॉसलेस प्रकारात बदलला तर फाइल फुगते पण गेलेले काही परत येत नाही.

डीटीएस सीडीचा प्रकार जवळून पाहण्याजोगा आहे, कारण सगळा विषय त्यात एकवटला आहे. ही डिस्क संगणकाला साधी सीडीच वाटते. ती रिप करून वाजवली की स्पीकरमधून गाणे येत नाही, सलग खरखर येते. अनेकांनी ती खराब समजून टाकून दिली असेल. प्रत्यक्षात तिच्यात दोन चॅनलच्या पीसीएमच्या वेषात सहा चॅनलची डीटीएस माहिती भरलेली असते आणि ती उलगडणारा डीकोडर मध्ये आला तरच गाणे उमटते. यासाठी रिप बिट-अन्-बिट अचूक हवी. त्या फाइलची एमपी३ केली, प्लेअरमध्ये व्हॉल्यूम एका घराने कमी केला, इक्वलायझर लावला किंवा नमुना-दर बदलला, की बिट बदलतात आणि डीकोडरला ती माहिती ओळखू येत नाही. इतर प्रकारांत अशी ढवळाढवळ झाली तर ध्वनी थोडा बिघडतो आणि कानाआड होतो; इथे तो पूर्ण नाहीसा होतो. संगणकावर सराउंड संगीत नीट वाजते आहे का, याची सर्वांत कडक परीक्षा डीटीएस सीडी घेते.

उतरवलेले संगीत कोणत्या स्वरूपात ठेवावे, याचे उत्तर आज बऱ्यापैकी स्थिर झाले आहे. २००१ पासून वापरात असलेले फ्लॅक हे खुले, विनामूल्य आणि लॉसलेस स्वरूप आहे. त्यात आठ चॅनलपर्यंत ध्वनी मावतो आणि मूळ ध्वनीची पडताळणी-खूणही फाइलमध्येच नोंदलेली असते. त्यामुळे दहा वर्षांनी फाइल तपासून ती शाबूत आहे की नाही, हे खात्रीने सांगता येते. जागेचा हिशेबही आता आवाक्यातला आहे. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, सहा चॅनलचा तासभराचा ध्वनी संक्षेपाविना सुमारे ६.२ गिगाबाइट होतो. फ्लॅकमध्ये तो बराच आटतो. चार टेराबाइटच्या एका हार्डडिस्कवर एखाद्या रसिकाचा जन्मभराचा संग्रह आरामात राहील.

सुपर ऑडिओ सीडीसाठी थोडा वेगळा विचार लागतो. तिच्यातला ध्वनी पीसीएम नसून एका बिटाचा असतो आणि सेकंदाला २८,२२,४०० वेळा, म्हणजे साध्या सीडीच्या नमुना-दराच्या ६४ पट, नोंदलेला असतो. तो ऐकताना पीसीएममध्ये बदलायचा असेल, तर ८८.२ किंवा १७६.४ किलोहर्ट्झ निवडावे, कारण मूळ दराला या संख्यांनी निःशेष भाग जातो. या बदलात आवाजाची पातळी सहसा सहा डेसिबलने खाली राहते. फूबार२००० सारख्या प्लेअरच्या जोडसॉफ्टवेअरमध्ये ती भरून काढण्याची सोय आहे, पण ती वापरताना आवाज फाटत नाही ना, हे पाहावे. काहीही झाले तरी मूळ फाइल पुसू नये. आज केलेले रूपांतर उद्या अधिक चांगल्या पद्धतीने करता येईल. मूळच गेले तर तो मार्ग बंद होतो.

यानंतर प्रश्न येतो संगणकातून स्पीकरपर्यंतच्या वाटेचा. अनेकांकडे रिसीव्हरला जोडलेली ऑप्टिकल केबल असते आणि तिच्यातून सहा चॅनल जातील अशी त्यांची समजूत असते. ऑप्टिकल वाटेने पीसीएम ध्वनीचे फक्त दोन चॅनल जातात. पाच-सहा चॅनल पाठवायचे तर ते डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसमध्ये दाबूनच पाठवावे लागतात. म्हणजे लॉसलेस जपलेले संगीत शेवटच्या दोन मीटरच्या वायरीत लॉसी होते. एचडीएमआयमधून मात्र आठ चॅनलपर्यंत पीसीएम ध्वनी पूर्ण दर्जाने जातो. संगणकाच्या ग्राफिक्स कार्डची एचडीएमआय केबल रिसीव्हरला लावली की काम होते. संगणक त्या रिसीव्हरला दुसरा मॉनिटर समजतो, हे पाहून गोंधळून जाऊ नये. एचडीएमआयमध्ये ध्वनी चित्राच्या सोबतीनेच जातो. ज्यांना रिसीव्हर नको, त्यांनी सहा किंवा आठ आउटपुट असलेला ऑडिओ इंटरफेस घ्यावा आणि त्याला स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर असलेले स्पीकर जोडावेत.

केबल बरोबर असली तरी संगणकाची सेटिंग्ज आड येऊ शकतात. विंडोजमध्ये स्पीकरची मांडणी ‘स्टीरिओ’ अशीच राहिली, तर सहा चॅनलची फाइल बहुधा दोन चॅनलमध्ये मिसळून बाहेर पडते आणि कोणतीही सूचना येत नाही. म्हणून तिथे ५.१ किंवा ७.१ निवडून प्रत्येक स्पीकरची चाचणी घ्यावी. मॅकवर हे काम ‘ऑडिओ मिडी सेटअप’मध्ये होते. प्लेअरमध्ये ‘एक्स्क्लुझिव्ह’ पद्धत निवडली, तर विंडोजचा मिक्सर बाजूला राहतो आणि ध्वनीचा नमुना-दर जसाच्या तसा रिसीव्हरपर्यंत पोहोचतो. रिसीव्हरच्या पडद्यावर चॅनलची संख्या आणि किलोहर्ट्झचा आकडा दिसतो. तो डिस्कवरच्या आकड्याशी जुळतो का, हे पाहणे ही साधी आणि निर्णायक खूण आहे.

चॅनलचा क्रम चुकल्यास काय होते, हेही नेमके समजून घ्यावे. वेव्ह आणि फ्लॅक फाइलमध्ये क्रम असा असतो: पुढचा डावा, पुढचा उजवा, मधला, खर्जाचा, मागचा डावा, मागचा उजवा. चित्रपटाच्या कामात एक वेगळा क्रम रूढ आहे: डावा, मधला, उजवा, मागचा डावा, मागचा उजवा आणि शेवटी खर्जाचा. दुसऱ्या क्रमाने लिहिलेल्या सहा स्वतंत्र फाइल पहिल्या क्रमाने जोडल्या गेल्या, तर मधोमध असायचा गायकाचा आवाज उजवीकडून येतो, उजवीकडची वाद्ये मध्ये येतात, मागच्या डाव्या बाजूचा सारा ध्वनी सबवूफरमध्ये शिरून जवळपास नाहीसा होतो, मागचा उजवा चॅनल डावीकडे सरकतो आणि मागच्या उजव्या स्पीकरमधून नुसता खर्ज घुमतो. ऐकणाऱ्याला काहीतरी बिनसल्याचे जाणवते, पण दोष तो स्पीकरला किंवा मिश्रण करणाऱ्याला देतो. ७.१ मांडणीच्या घरात याचीच सौम्य आवृत्ती घडते: ५.१ संगीताचे मागचे चॅनल बाजूच्या स्पीकरला जायचे की पाठीमागच्या, यावर प्लेअर आणि रिसीव्हरचे एकमत नसते. म्हणून प्रत्येक स्पीकरचे नाव उच्चारणारी चाचणी-फाइल आधी एकदा वाजवावी आणि मगच संग्रहाला हात घालावा.

खर्जाच्या चॅनलबाबत आणखी एक संकेत आहे. तो इतर चॅनलपेक्षा दहा डेसिबल मोठा वाजावा असे गृहीत धरूनच ध्वनिमुद्रण होते. एचडीएमआयने जोडलेला रिसीव्हर ही वाढ स्वतःच करतो. संगणकाचे आउटपुट थेट अ‍ॅम्प्लिफायरला जोडले असेल, तर ती कोणीच करत नाही आणि संगीत पोकळ वाटते. छोट्या स्पीकरना न झेपणारा, साधारण ८० हर्ट्झखालचा ध्वनी सबवूफरकडे वळवण्याचे कामही अशा वेळी प्लेअरवरच पडते. स्पीकर ठेवण्याबाबत आंतरराष्ट्रीय शिफारस स्पष्ट आहे: मधला समोर, पुढचे दोन त्याच्या दोन्ही बाजूंना ३० अंशांवर, मागचे दोन १०० ते १२० अंशांवर, सर्व श्रोत्यापासून समान अंतरावर. आपल्या दिवाणखान्यात ही समानता क्वचितच साधते. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, त्या हिशेबाने जवळच्या स्पीकरला उशीर देऊन फरक भरून काढता येतो. टेप घेऊन अंतरे मोजावीत आणि रिसीव्हरमध्ये भरावीत. महागड्या केबलपेक्षा याचा लाभ कितीतरी अधिक आहे.

अ‍ॅटमॉसने या सगळ्यात नवी अट आणली आहे. ब्लू-रेवरचे अ‍ॅटमॉस ट्रूएचडीच्या आत बसवलेले असते. संगणकावरची सर्वपरिचित मोफत सॉफ्टवेअर त्यातला ७.१ ध्वनी उलगडतात. छताकडच्या स्पीकरसाठीची स्थानमाहिती त्यांना वापरता येत नाही. म्हणूनच त्याची फ्लॅक केली, तर ७.१ उरते आणि अ‍ॅटमॉस कायमचे जाते. अशा डिस्कचा मूळ ट्रॅक न उलगडता तसाच ठेवावा आणि ऐकताना तो न उलगडता रिसीव्हरकडे पाठवावा. अ‍ॅपल म्युझिकने जून २०२१ पासून अ‍ॅटमॉस संगीत देऊ केले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण तिथला ध्वनी लॉसी असतो आणि वर्गणी थांबली की तोही थांबतो. डिस्कची जागा त्याने भरून निघत नाही.

आता कायद्याचा प्रश्न. विकत घेतलेल्या डिस्कची स्वतःपुरती प्रत काढणे आणि ती प्रत वाटणे यांत स्वच्छ सीमारेषा आखली पाहिजे. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये खासगी किंवा वैयक्तिक वापरासाठीच्या न्याय्य व्यवहाराला सूट आहे आणि त्या हेतूने इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवण करणे हे उल्लंघन नाही, असे स्पष्टीकरणही आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५-अ नुसार डिस्कवरचे तांत्रिक कुलूप तोडणे हा गुन्हा ठरतो तो हक्कभंगाच्या हेतूने केल्यास; त्याला दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड आहे. कायद्याने स्पष्टपणे मनाई न केलेल्या कामासाठी ते केल्यास सवलत आहे. परदेशी राहणाऱ्या मराठी वाचकांनी मात्र हे गृहीत धरू नये. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात कुलूप तोडण्यालाच मनाई आहे. ब्रिटनने ऑक्टोबर २०१४ मध्ये खासगी प्रतीला दिलेली सूट तिथल्या उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केली. आपला कायदा या बाबतीत ग्राहकाला अधिक समजून घेणारा आहे. ती सवलत टिकवायची असेल, तर रिप केलेल्या फाइल इंटरनेटवर टाकणे, पेनड्राइव्हवर भरून विकणे, डिस्क विकून प्रत ठेवून घेणे हे प्रकार कटाक्षाने टाळायला हवेत. कलावंताचा आणि ध्वनिमुद्रकाचा मोबदला बुडवून संगीत टिकत नाही.

जतन म्हणजे केवळ उतरवून घेणे नव्हे. फाइलमध्ये अल्बमचे नाव, वर्ष, मिश्रण करणाऱ्याचे नाव, चॅनलची संख्या आणि ती कोणत्या डिस्कवरून घेतली, हे सारे नोंदवावे. तीच गाणी स्टीरिओ, क्वाड्राफोनिक आणि ५.१ अशा तीन रूपांत असतील, तर ही नोंद नसल्यास काही वर्षांनी कोणते कोणते ते कळणार नाही. एक प्रत संगणकात, दुसरी वेगळ्या हार्डडिस्कवर आणि शक्य असल्यास तिसरी दुसऱ्या घरी ठेवावी. वर्षातून एकदा पडताळणी करावी. मूळ डिस्कही सांभाळाव्यात, कारण मालकीचा पुरावा तोच आहे.

ध्वनिमुद्रण कंपन्यांकडे एक रास्त मागणी मात्र करायला हवी. नॉर्वेची टूएल कंपनी आपली बहुचॅनल ध्वनिमुद्रणे लॉसलेस फाइलच्या रूपात विकते आणि चाचणीसाठी काही नमुने मोफतही देते. नेटिव्हडीएसडी हे दुकान सुपर ऑडिओ सीडीच्या दर्जाचे बहुचॅनल संगीत फाइलरूपात देते. म्हणजे यात तांत्रिक अडचण काही नाही. मोठ्या कंपन्यांनीही आपली जुनी ५.१ मिश्रणे अशीच विकायला काढली, तर ग्राहकाला जुनी यंत्रे शोधत फिरावे लागणार नाही आणि कुलपांचा प्रश्नही उरणार नाही. आपल्याकडच्या चित्रपट-संगीताच्या हक्कधारकांनाही ही वाट मोकळी आहे. डीव्हीडीसाठी केलेली गाण्यांची ५.१ मिश्रणे कोणाकडे, कोणत्या अवस्थेत आहेत, याची नोंद त्यांनी आताच करावी आणि ती लॉसलेस रूपात विक्रीला आणावीत.

ते होईपर्यंत जबाबदारी डिस्क बाळगणाऱ्याची आहे. ज्यांच्या कपाटात सुपर ऑडिओ सीडी, डीव्हीडी-ऑडिओ किंवा डीटीएस सीडी आहेत, त्यांनी त्यांची यादी करावी, ज्या वाचणारी यंत्रे सर्वांत दुर्मीळ त्या डिस्कपासून सुरुवात करावी, मूळ ध्वनी कोणताही बदल न करता उतरवावा आणि प्रत्येक अल्बम एकदा पूर्ण, सर्व स्पीकरवर ऐकून तपासावा. यंत्र चालू आहे तोवरच हे काम होणार आहे, म्हणून ते पुढे ढकलू नये.